राखेखालचे निखारे : तेजोमेघांच्या शोधाचा इतिहास

हिवाळ्याच्या रात्री नाकाडोंगरीसारख्या गावातून आकाशाकडे पाहिले असता मृग नक्षत्र सहज ओळखता येते. त्यातील तीन ताऱ्यांच्या बाणाच्या दक्षिणेस एक अंधुक ठिपका दिसतो. तो एकटा तारा नव्हे. सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर असलेला तो वायू व धूळ यांचा तेजोमेघ होय. तेथे आजही नवे तारे जन्मास येत आहेत. परंतु भोवतालची धूळ त्यांचा प्रकाश गिळून टाकते. हा पडदा मानवाने कसा भेदला, याचा इतिहास बोधप्रद आहे.

इ. स. ९६४ च्या सुमारास अब्दुर्रहमान अल-सूफी या ज्योतिर्विदाने आपल्या तारकाग्रंथात देवयानीतील एका लहानशा ‘ढगा’ची नोंद केली. पुढे ती स्वतंत्र दीर्घिका असल्याचे सिद्ध झाले. दुर्बिणीचा शोध लागल्यावर असे अनेक ढग सापडले; पण त्यांचे अंतरंग झाकलेलेच राहिले.

वाट दाखविली ती उष्णतेने. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाश पाडून तांबड्या रंगापलीकडे तापमापक ठेवला, तो पारा चढला! तेच अवरक्त किरण. चुलीतला निखारा राखेखाली दिसत नाही, पण हात धरला की धग लागते. तसेच हे आहे. बालतारा धुळीला तापवितो आणि धूळ ती ऊब अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकते. १९६७ साली बेकलिन व न्यूगेबाउअर यांना मृगातील तेजोमेघात साध्या दुर्बिणीला न दिसणारा एक तेजस्वी अवरक्त स्रोत याच मार्गाने सापडला.

मात्र अतिथंड धुळीचे दीर्घ लांबीचे किरण हवेतील बाष्प अडविते. त्यासाठी १९८३ साली अमेरिका, नेदरलँड्स व ब्रिटन यांनी ‘आयरास’ उपग्रह सोडला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने वेगळा मार्ग धरला. तिच्या शास्त्रज्ञांनी एक मीटर व्यासाची दुर्बीण प्रचंड फुग्याला बांधून हैदराबादहून सुमारे ३० किलोमीटर उंचीवर पाठविली. काम आटोपले की यंत्र हवाईछत्रीने खाली येई व दुरुस्त करून पुन्हा वापरता येई. आयरासचा आरसा ५७ सेंटिमीटरचा आणि त्याची मजल १०० मायक्रोमीटरपर्यंत. आपल्या दुर्बिणीने सुमारे १५० व २१० मायक्रोमीटरवर तारकाजन्माच्या प्रदेशांचे नकाशे काढले. त्यामुळे आयरासच्या पल्ल्याबाहेरची अधिक थंड धूळ मोजता आली. पुढे जपानी शास्त्रज्ञांच्या सहकार्याने तेथील कार्बन वायूचाही शोध घेतला गेला.

२०२१ च्या डिसेंबरात जेम्स वेब दुर्बीण अवकाशात गेली आणि तिने मृगातील तेजोमेघाची विलक्षण अवरक्त चित्रे पाठविली. तिच्या वैभवापुढे फुग्याची दुर्बीण साधी वाटेल. तरीही विद्यार्थी मित्रहो, एक गोष्ट ध्यानात घ्या. उपग्रहाइतका पैसा हाती नव्हता; पण श्रीमंत राष्ट्रांच्या यंत्राने कोणता प्रश्न अनुत्तरित ठेवला आहे, हे आपल्या शास्त्रज्ञांनी नेमके ओळखले. तेवढ्यावर त्यांनी ज्ञानात खरी भर घातली. असा प्रश्न ओळखण्याची दृष्टी शाळेच्या बाकावरच घडू लागते.