हेपॅरिनचा उगम

जखमेतून वाहणारे रक्त गोठते म्हणून प्राण वाचतात. तेच रक्तवाहिनीत गोठले तर प्राणांवर बेतते. १९१६ साली बाल्टिमोर येथे जे मॅक्लीन हा वैद्यकाचा विद्यार्थी रक्त गोठविणारे द्रव्य शोधीत होता. कुत्र्याच्या यकृतात त्याला नेमके उलट गुणाचे द्रव्य सापडले! त्याचे गुरू हॉवेल यांनी १९१८ साली यकृतवाचक ग्रीक शब्दावरून त्याला ‘हेपॅरिन’ हे नाव दिले.

पुढे शस्त्रक्रियेला व डायलिसिसला हेपॅरिनचा आधार झाला. परंतु त्याचा उगम पशूंच्या अवयवांतच, मुख्यत्वे डुकरांच्या आतड्यांत, राहिला. २००८ साली चीनहून आलेल्या कच्च्या मालात हेपॅरिनसारखेच भासणारे स्वस्त द्रव्य मिसळलेले निघाले. नेहमीच्या कसोट्यांना ती भेसळ उमगली नाही आणि अमेरिकेत कित्येक रुग्ण दगावले.

हेपॅरिनचे एक सगोत्र द्रव्य मानवी पेशींतही असते. २०२० साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी अशा पेशींतील एक जनुक निकामी केले, तेव्हा त्या द्रव्याच्या अंगी रक्त गोठू न देण्याचा गुण आला. प्रयोगशाळेपासून रुग्णशय्येपर्यंतची वाट लांब आहे खरी. परंतु ज्या औषधावर जीव टांगलेला, त्याचा उगम आपल्या नजरेखाली असावा, हाच २००८ सालचा धडा आहे.