तीन मिनिटांची तबकडी

१९७६ साली अमेरिकेत रॅमोन्स या पंक बँडची पहिली तबकडी निघाली. चौदा गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत. मोजक्या मिनिटांत गाणं उरकण्याची ही शिस्त पंकवाल्यांनी हौसेनं पत्करली होती. आपल्याकडच्या गवयांवर मात्र ती यंत्रानं लादली.

कलकत्त्यात १९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गनं गायिका गोहरजानचा आवाज मुद्रित केला. लाखेपासून बनलेल्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. गाणं संपताच गोहरजान इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारी.

महाराष्ट्रातली नाट्यगीतंही याच मापात बसवावी लागली. रंगमंचावर वन्समोअर घेत रंगणारं पद तबकडीवर आटोपशीर होई.

या इतिहासाला खानदेशी धागाही आहे. १९१८ साली ‘बळवंत संगीत मंडळी’ ही नाटक कंपनी काढणारे गायक-नट मास्टर दीनानाथ मंगेशकर हे तापीकाठच्या थाळनेरचे जावई. १९४२ साली ते गेले. रंगभूमीवरचा त्यांचा आवाज पुढच्या पिढ्यांना ऐकायला मिळतो तो मुख्यतः तबकड्यांमुळेच.

लाख ठिसूळ, तबकडी हातातून निसटली की तुकडेच. लाँगप्ले, मग कॅसेट आल्यावर हा ठेवा भंगारात निघाला आणि संग्राहक मुंबईच्या चोरबाजारात तो शोधू लागले. १९९० साली त्यांनी मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन केली.

खानदेशातल्याच दीपनगरच्या वीज वसाहतीत आज कुणाला माळ्यावर अशी तबकडी सापडलीच, तर आधी तिच्यावरचा क्रमांक पाहावा. मुद्रणाचा काळ ठरवायला संग्राहकांना त्याचाच आधार असतो.