प्राणिकल्याण संस्थेचे मूल्यमापन : सातारा-सांगलीतील ऊसवाहतुकीचे बैल

एखाद्या संस्थेच्या कामामुळे जनावराचा त्रास किती कमी झाला, किती दिवस कमी राहिला आणि त्याला किती पैसा लागला, याची पडताळणी म्हणजे प्राणिकल्याण संस्थेचे मूल्यमापन. संस्थेचे हिशेब पाहण्याचे काम महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांकडे असते. तेथे ताळेबंद तपासला जातो. बैलाच्या खांद्यावरची जखम भरली का, हे विचारणारा रकाना त्या कागदांत नसतो; देणगीदाराला मात्र नेमके तेच कळायला हवे.

कृष्णाकाठी हा प्रश्न उसाबरोबर आला. साताऱ्यात रेठरे बुद्रुकचा कृष्णा आणि यशवंतनगरचा सह्याद्री, सांगलीत साखराळ्याचा राजारामबापू, वाळव्याचा हुतात्मा आणि शहरालगतचा वसंतदादा असे साखर कारखाने येथे दाटीने आहेत. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू होते आणि उन्हाळा तापेपर्यंत चालते. मुकादमाकडून उचल घेऊन बीडकडच्या टोळ्या येतात. ज्यांच्याकडे बैलजोडी असते ते टायरगाडी हाकतात. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, वजनकाट्यापुढे रांगेत थांबायचे, गव्हाणीवर गाडी रिकामी करून पुन्हा फडात जायचे. बैलाला सर्वांत जास्त सोसावे लागते ते खांद्यावर. जू बसते तेथले केस आधी झडतात, मग कातडी सोलते, मग सूज येऊन घट्ट गाठ होते. पुढे जड भरलेली गाडी उताराला लागली की सारा भार त्या गाठीवर येतो. वेळीच जू उतरवून औषध केले तर खांदेसूज ओसरते. पण उचल फिटायची असते आणि खाड्याच्या दिवसाची मजुरी कोणी देत नाही. मालक निर्दय असतो म्हणून जखमी खांद्याचा बैल जुंपला जातो, असे समजून चालणाऱ्या संस्थेला या फडात काही साधणार नाही.

कायदा आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांविषयीचे नियम १९६५ चे. दिवसाला नऊ तासांहून जास्त किंवा विसाव्याशिवाय सलग पाच तासांहून जास्त काम घेऊ नये, पारा ३७ अंशांवर गेला तर दुपारी १२ ते ३ जनावर जुंपू नये, टोकदार पराणी आणि काटेरी साज वापरू नये, असे ते नियम सांगतात. पण क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला कायद्याने ठरवलेला दंड १० ते ५० रुपयांचा आहे. त्यामुळे बैलाला आराम मिळतो तो बहुधा उपचार करणाऱ्याच्या आणि समजावणाऱ्याच्या हातून.

या भागातील ठळक उदाहरण ‘ॲनिमल राहत’ या संस्थेचे. ‘पेटा’ या प्राणिहक्क संस्थेच्या आर्थिक पाठबळावर २००३ मध्ये ती सुरू झाली. सांगली, सातारा, सोलापूर आणि कोल्हापूर या जिल्ह्यांत तिचे काम चालते. बैल, गाढवे, घोडे यांच्यावर मोफत उपचार, खच्चीकरण वेदनेविना व्हावे यासाठी प्रयत्न, वेसणीऐवजी म्होरकीचा प्रचार, थकलेल्या बैलांसाठी आश्रयस्थान आणि कारखान्यांत बैलगाडीच्या जागी लहान ट्रॅक्टर आणण्याचा आग्रह, अशी तिची कामे आहेत. ही सगळी एकाच काट्यावर तोलता येत नाहीत. मलमपट्टीने आज एका बैलाची जखम भरते, पण तेच जू उद्या पुन्हा बसते. म्होरकी एकदा अंगवळणी पडली तर त्या बैलाला जन्मभर सुख. आश्रयस्थानातील बैल पाहून देणगीदाराचे डोळे भरून येतात, पण तेथे थोड्या जनावरांवर वर्षानुवर्षे खर्च होतो. त्याच पैशात फडातल्या किती बैलांचे खांदे वाचले असते, हा प्रश्न कठोर वाटला तरी विचारावाच लागतो.

मूल्यमापनातील सर्वांत अवघड प्रश्न हा, की संस्था आली नसती तर काय झाले असते. लाळ्या-खुरकुताची लस २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत दिली जाते. एखाद्या संस्थेने त्याच गावात तीच लस टोचली, तर अहवालातला आकडा फुगेल आणि बैलाच्या पदरात नवे काही पडणार नाही. याउलट हंगामात रात्री कारखान्याच्या तळावर डॉक्टर पोचत नसेल आणि संस्थेचा पोचत असेल, तर थोडे उपचारही मोलाचे.

ट्रॅक्टरचा हिशेब याहून गुंतागुंतीचा आहे. बैलगाडी गेली की खांदेसूजही गेली, म्हणून वरकरणी हाच उपाय सर्वांत मोठा दिसतो. पण सुटलेले बैल गेले कुठे? २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीला बंदी आहे. वय झालेल्या बैलाला पुसेगावच्या किंवा खरसुंडीच्या बाजारात सरळ गिऱ्हाईक मिळणे कठीण. तो दावणीला राहिला, चोरवाटेने गेला की रस्त्यावर आला, हे पाहिल्याशिवाय जमा मांडता येत नाही. बैलजोडीवाल्या कुटुंबाने ट्रॅक्टरसाठी कर्ज काढले, की त्याचे काम ट्रॅक्टरमालकाकडे गेले, तेही याच हिशेबात धरले पाहिजे. जनावराचे भले माणसाच्या पोटावर पाय देऊन झाले, तर ते पुढच्या हंगामापर्यंत टिकत नाही.

इस्लामपूरजवळच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये ‘सारथी’ नावाचा आधार तयार केला. दोन बैलांच्या मधोमध जुवाखाली फिरते चाक बसवून मानेवरचा भार जमिनीवर उतरवायचा, अशी ही युक्ती. बैल राहतात, गाडी राहते, मजुरी राहते. प्रस्तुत नोंदकाराला ही कल्पना फार मोलाची वाटते. तिचे मोल मात्र चिखलाच्या फडात, दुसऱ्या हंगामात ते चाक अजून गाडीला आहे का, यावर ठरेल.

किती पैशात किती त्रास कमी झाला, अशा तुलनेचे शास्त्र जगात आता कोळंबीपर्यंत पोचले आहे. २०२१ मध्ये स्थापन झालेला ‘श्रिंप वेल्फेअर प्रोजेक्ट’ तळ्यातल्या कोळंबीला मारण्यापूर्वी विजेने बेशुद्ध करणारी यंत्रे उत्पादकांना देतो; एरवी ती बर्फाच्या पाण्यात टाकली जाते. किलोत पन्नासच्या आसपास कोळंबी बसते, म्हणून दर रुपयामागे सुटका मिळणाऱ्या जिवांचा आकडा बैलाच्या मानाने प्रचंड निघतो. कोळंबीला वेदना होते का, ही शंका पूर्ण मिटलेली नाही. तरी ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात तिला संवेदनक्षम मानले आणि आपल्या १९६० च्या कायद्यातील प्राण्याच्या व्याख्येत माणूस सोडून प्रत्येक सजीव येतो. गुणाकार करावा, पण ज्या आकड्याला अंदाजाचा आधार आहे तो अंदाज म्हणूनच मांडावा. बैलाच्या वेदनेविषयी तर शंकेला जागाच नाही.

प्रत्यक्ष तपासणी बैलाच्या अंगावर करावी, शिबिरांच्या छायाचित्रांवर नव्हे. खांदा, नाकपुडी, खूर व पत्री, बरगड्या, चाल आणि माणूस जवळ आला की बैल शांत उभा राहतो की बिचकतो, इतके नोंदले तरी पुष्कळ. संस्था पोचली आणि पोचली नाही अशा दोन्ही तळांवर, शक्यतो त्रयस्थ पशुवैद्याकडून, गाळपाच्या आरंभी, जानेवारीत आणि शेवटी पाहावे. या भागात बेंदूर या बैलांच्या सणाच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. हळद-तूप चोळताना गाठ कुठे आहे, कातडी कुठे हुळहुळी आहे, हे मालकाच्या तळहाताला कळते. तपासणाऱ्याने त्याला सोबत घ्यावे. सर्वांत खरा आकडा हंगाम संपून टोळी गावी निघते त्या सकाळी मिळतो, जू चढवण्याच्या आधी.