थकवा की बर्नआउट? या खुणा वेळीच ओळखा

दिवसभर राबून माणूस थकतो, रात्री झोपतो आणि सकाळी पुन्हा कामाला लागतो. हा झाला साधा थकवा. पण सुट्टी झाली, झोपही झाली, तरी कामाचे नाव काढताच जीव मेटाकुटीला येत असेल तर तो बर्नआउट असू शकतो. आपल्या घरांत मात्र त्याला ‘कामचोरी’, ‘नखरे’ नाहीतर ‘नाशुक्री’ म्हणून मोकळे होतात. चूक इथेच होते.

बर्नआउट म्हणजे काय?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये यावर लेख लिहिला. न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात मनापासून सेवा करणारी माणसेच हळूहळू विझत चालली आहेत, हे त्यांनी पाहिले होते. म्हणजे बर्नआउट आळशी माणसाला नव्हे, जीव ओतून काम करणाऱ्याला आधी गाठतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याला आजार न म्हणता ‘कामाशी निगडित स्थिती’ म्हटले. कामाचा ताण दीर्घकाळ साचला आणि त्यावर उपाय झाला नाही की ती उद्भवते.

तीन मुख्य खुणा

१. शक्ती संपणे : सकाळी उठतानाच अंग गळून जाते. भट्टीजवळ शिफ्ट करणारा कामगार असो, दुकानात बारा तास उभा राहणारा मुलगा असो की रात्री गाडी चालवणारा ड्रायव्हर, विश्रांती घेऊनही ताजेतवाने वाटत नाही.

२. कामावरून मन उडणे : पूर्वी आवडणारे काम नकोसे होते. ग्राहक, सहकारी, विद्यार्थी, सगळ्यांचा राग येतो. बोलण्यात ‘कुणाला काय फरक पडतो’ असा सूर येतो.

३. आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे : साध्या चुका वाढतात, निर्णय घेता येत नाही, केलेल्या कामाचे समाधान मिळत नाही.

मी उर्दू शाळेत शिकवते. एका वर्षी वर्ग, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती, परीक्षा असे सगळे एकाच वेळी अंगावर आले. एके दिवशी चौथीतली मुलगी वही घेऊन आली आणि म्हणाली, ‘टीचर, ये तो ग़लत है, आप राइट दे दिए.’ मागची पाने उलटून पाहिली. कित्येक दिवस मी न वाचताच बरोबरच्या खुणा करत होते. थकले आहे हे मला माहीत होते. पण मुलांनी काय लिहिले याचे मला काहीच वाटेनासे झाले होते, हे त्या दिवशी कळले.

घरच्यांना काय दिसते?

खुणा अनेकदा घरच्यांच्याच आधी लक्षात येतात. झोप न लागणे, डोके किंवा पाठ दुखणे, पित्त, मुलांवर विनाकारण खेकसणे, पाहुणे टाळणे, रात्री उशिरापर्यंत मोबाइल घेऊन पडून राहणे, तंबाखू-गुटखा वाढणे. यांतल्या तीन-चार गोष्टी काही आठवडे सलग दिसल्या तर दुर्लक्ष करू नका.

दुर्लक्ष महागात पडते

जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका बड्या कंपनीतील २६ वर्षांच्या सीए तरुणीचा मृत्यू झाला. कामाच्या ओझ्याने मुलगी गेली, असे तिच्या आईने कंपनीला पत्र लिहून कळवले. कंपनीने ते मान्य केले नाही, पण देशभर चर्चा झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ च्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो.

काय करावे?

• आधी डॉक्टरांना दाखवा. रक्त कमी असणे, थायरॉईड, मधुमेह यांनीही असाच थकवा येतो.

• दोन आठवडे वहीत लिहा : किती तास काम, किती झोप, कोणत्या कामाने जास्त त्रास. ही वही घेऊन वरिष्ठांशी बोला. ‘मला जमत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘यातले कोणते काम आधी करू?’ असे विचारा.

• कारखान्यातील कामाची कायदेशीर मर्यादा आठवड्याला ४८ तास आहे. त्यापुढच्या कामाला ओव्हरटाइम मिळायला हवा. आपले तास लिहून ठेवा.

• घरच्यांनी ‘सगळेच काम करतात’ हे वाक्य टाळावे. ‘आज काय झालं, सांग’ एवढे विचारले आणि ऐकून घेतले तरी खूप आधार मिळतो.

• केवळ कामच नाही, तर खाणे, माणसे, नमाज, सण, कशातच मन लागत नसेल आणि उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली असेल तर ते नैराश्य असू शकते. त्यावर उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांना भेटा.

केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे. दिवस-रात्र कधीही फोन करता येतो आणि मराठीतही बोलता येते. जगणे नकोसे झाल्याचे कुणी बोलले तर त्याला एकटे सोडू नका आणि लगेच मदत मिळवून द्या.

दुआ जरूर करावी, सब्रही ठेवावा. पण ताप आल्यावर आपण दवाखाना गाठतोच ना? मन थकल्यावरही तेच करावे. त्यात लाज कसली?