क्रॉफर्ड मार्केटचं बिल आणि मुंबईचं पहिलं मत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. बोलतानाचे काही शब्द तसेच राहिलेत, सांभाळून घ्या.

सुरुवात एका कबुलीने करतो. फेब्रुवारी 2017 मध्ये मुंबई महापालिकेची निवडणूक झाली तेव्हा मी 19 वर्षांचा होतो. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, हॉस्टेलवर मुक्काम. आईने फोन केला, "मतदानाला येतोयस ना?" मी म्हटलं, "अगं, नगरसेवकाची तर निवडणूक आहे. लोकसभेला करेन मत. आणि पाच वर्षांनी परत आहेच की."

पाच वर्षांनी नव्हती. मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली थेट जानेवारी 2026 मध्ये. ओबीसी आरक्षण, वॉर्डांची संख्या, वॉर्डांच्या सीमा, सगळं कोर्टात अडकलं होतं. म्हणजे मी कंटाळा केला एका दिवसाचा आणि पुढची संधी आली जवळजवळ नऊ वर्षांनी.

मधली पावणेचार वर्षं पालिका चालवली प्रशासकाने, आणि प्रशासक कोण, तर आयुक्तच. पालिकेने तयार केलेलं बजेट आयुक्तांसमोर मांडलं जायचं आणि मंजुरीही आयुक्तच द्यायचे. 2025-26 च्या बजेटचा आकडा होता 74,427 कोटी रुपये. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर ज्याने कोड लिहिला त्यानेच तो तपासला आणि त्यानेच लाइव्ह केला. माणूस कितीही हुशार आणि प्रामाणिक असो, आमच्याकडे कुठलीही धड टीम हे चालू देत नाही.

हे सगळं वाचताना मला वाटलं होतं की आपल्या काळातलं काहीतरी नवीन विचित्र प्रकरण आहे. नाही हो! मुंबईने हा प्रयोग 160 वर्षांपूर्वी करून पाहिलाय. त्या प्रयोगाचं बिल आलं, त्यावरून भांडण झालं आणि त्या भांडणातूनच मुंबईकराला पालिकेतलं पहिलं मत मिळालं. आजची गोष्ट तीच.

एक शहर, एक साहेब

1860 चं दशक. तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलंय, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग मागणी आली आपल्याकडे. मुंबईत अक्षरशः पैशांचा पाऊस पडला. शेअर, कंपन्या, समुद्र भरून जमीन करायच्या योजना, सगळ्यांना वेड लागलं. माणसं येत राहिली, शहर फुगत गेलं. पण गटारं उघडी, रस्ते अरुंद आणि पटकी, म्हणजे कॉलरा, नेहमीचाच पाहुणा.

शहराचा कारभार तेव्हा तीन कमिशनर मिळून पाहायचे. तिघांचं काम म्हणजे कुणाचंच नाही! म्हणून 1865 मध्ये नवा कायदा आला. त्यात कारभाराचे सगळे अधिकार एकाच माणसाकडे, म्युनिसिपल कमिशनरकडे गेले. त्याची नेमणूक करणार सरकार. त्याच्यावर देखरेख ठेवायला 'जस्टिस ऑफ द पीस', म्हणजे जे.पी. मंडळी. यात युरोपियन होते, पारशी, हिंदू, मुसलमान शेटिया लोक होते. पण यांनाही निवडून कुणीच दिलेलं नव्हतं, तेही सरकारनेच नेमलेले.

पहिला कमिशनर झाला आर्थर क्रॉफर्ड. हो, तेच ते क्रॉफर्ड मार्केटवाले.

क्रॉफर्ड कामाचा माणूस होता, हे त्याच्या विरोधकांनीही नाकारलं नाही. त्याने रस्ते रुंद केले, गटारं आणि सफाई हातात घेतली, बाजार बांधले. विल्यम इमर्सनच्या आराखड्यावरून ते देखणं मार्केट 1869 मध्ये उभं राहिलं. आज त्याचं नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. आत गेलात तर मान वर करून बघा. भिंतीवरची शिल्पं आणि आतलं कारंजं लॉकवुड किपलिंगच्या हातचं आहे.

पण वेळ चुकली. 1865 मध्येच अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, बँका बुडाल्या, मोठमोठे शेटजी रस्त्यावर आले. शहर कंगाल झालं आणि क्रॉफर्डसाहेबांची कामं मात्र तेजीच्या वेगाने चालूच! मंजूर रकमेपेक्षा जास्त खर्च, कर्जं आणि ती भागवायला घरपट्टी, दिवाबत्तीचा कर वगैरे. जे.पी. मंडळींसमोर बजेट येत होतं, पण पैसे आधीच खर्च झालेले असायचे. मग विचारायचं काय आणि अडवायचं कसं?

1871: आमचे पैसे कुठे गेले?

शेवटी करदाते चिडले. नौरोजी फर्दुनजी हे त्यात पुढे होते. सभा झाल्या, अर्ज झाले, वर्तमानपत्रांतून खडाजंगी झाली. 1871 मध्ये जे.पीं.च्या सभेतही क्रॉफर्डच्या कारभारावर हल्ला झाला. सूर असा होता की एका माणसाच्या हाती शहर देणं हीच चूक, हे पदच नको, कारभार एखाद्या कौन्सिलकडे द्या. त्याच वर्षी क्रॉफर्डला जावं लागलं.

आता इथे गोष्टीत एक ट्विस्ट आहे आणि मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग हाच.

29 नोव्हेंबर 1871. धोबीतलावची फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूट. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला 26 वर्षांचा एक पोरगा व्याख्यान द्यायला उभा राहिला. माझ्याहूनही लहान! नाव फिरोजशहा मेहता. समोर क्रॉफर्डवर भडकलेलं पब्लिक आणि या पठ्ठ्याने चक्क क्रॉफर्डची बाजू घेतली. लोकांनी हुर्यो उडवली. पण तो काय म्हणत होता ते नीट ऐकण्यासारखं आहे.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. एकच जबाबदार अधिकारी असणं ही चूक नाही. कामं व्हायची असतील तर कुणीतरी एक माणूस लागतोच, कमिटीच्या हाती कारभार दिला की दोष कुणाचा हेच कळत नाही. खरी चूक देखरेखीत आहे. जे.पीं.चं काम होतं लक्ष ठेवायचं, त्यांनी ठेवलं नाही. आणि का ठेवतील? त्यांना सरकारने नेमलंय, लोकांना जाब द्यायची त्यांच्यावर वेळच येत नाही. म्हणून उपाय काय, तर अधिकारी ठेवा, पण त्याच्या वर असलेलं मंडळ करदात्यांनी निवडून दिलेलं असू द्या आणि तिजोरीची चावी त्या मंडळाकडे द्या.

बघा, सगळे भांडत होते साहेब चांगला की वाईट यावर. मेहता म्हणत होते, साहेब कोण आहे हे सोडा, त्याला प्रश्न विचारणारा कोण आहे आणि त्या विचारणाऱ्याला कोण बदलू शकतं, ते बघा.

पहिलं मत, पण कुणाचं?

1872 मध्ये नवा कायदा झाला. कॉर्पोरेशनमध्ये 64 सभासद. 16 सरकारने नेमायचे, 16 जे.पीं.नी निवडायचे आणि 32, म्हणजे बरोबर निम्मे, करदात्यांनी निवडायचे. कमिशनर राहिलाच, पण त्याच्या खर्चावर नजर ठेवायला 12 जणांचं टाउन कौन्सिल आलं. 1873 मध्ये निवडणूक झाली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये नव्या कॉर्पोरेशनची पहिली सभा भरली. स्थानिक स्वराज्यासाठी आपण ज्या लॉर्ड रिपनचं नाव शाळेत घोकतो, त्याचा ठराव आला 1882 मध्ये. मुंबईकर त्याच्या नऊ वर्षं आधीच आपले प्रतिनिधी निवडत होते.

पण थांबा, इतक्यात टाळ्या नकोत. मत कुणाला? वर्षाला किमान 50 रुपये कर भरणाऱ्यांना. 1872 च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या होती 6,44,405. त्यात मतदार शंभरात एकही भरत नव्हता. गोदीतला हमाल, गिरणीतला कामगार, गटार साफ करणारा भंगी कामगार, यांच्यासाठी या निवडणुकीचा अर्थ शून्य.

पुढे 1888 चा कायदा आला. मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी तो घडवण्यात मोठा वाटा उचलला. टाउन कौन्सिलच्या जागी स्थायी समिती आली. ठराविक रकमेच्या वरचं कंत्राट कमिशनरला या समितीला विचारल्याशिवाय देता येणार नाही, असं ठरलं. आज आपण बातम्यांत 'स्थायी समिती' ऐकतो ना, ती हीच. आणि गंमत म्हणजे मुंबई महापालिका आजही त्याच 1888 च्या कायद्यावर चालते, दुरुस्त्या अर्थातच भरपूर झाल्या. माझं दोन वर्षांपूर्वीचं ॲप आज चालत नाही, हे बघता कौतुकच आहे.

आता तुम्ही म्हणाल, निवडून आलेले लोक आले की नुसती चर्चा आणि कामं बंद. मलाही तसंच वाटायचं. पण यादी बघा. तुळशीचं पाणी 1879 चं. तानसाचं धरण 1892 चं, ज्याचं पाणी मुंबई आजही पिते. ही दोन्ही कामं निवडणूक आल्यानंतरची. विचारून खर्च केला म्हणून शहर थांबलं नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मतदार म्हणजे मुख्यतः घरमालक. त्यांना कर वाढायला नको होते आणि चाळींतली दाटी, अंधाऱ्या खोल्या, तुंबलेली गटारं यांचा त्रास त्यांच्या भाडेकरूंना होता. भाडेकरूला मत नव्हतं. 1896 मध्ये मांडवीत प्लेग सुरू झाला तेव्हा या दुर्लक्षाची किंमत सगळ्या शहराने मोजली. मग 1898 मध्ये सरकारने काय केलं? गरिबाला मत दिलं? छे! इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाची वेगळीच संस्था काढली आणि रस्ते, वस्त्या पाडणं, नव्या वस्त्या बांधणं ही कामं तिच्याकडे दिली. दादर, माटुंगा, वडाळा हे भाग तिनेच आखले. काम झालं, पण ज्यांची घरं पाडली त्यांना विचारणारं तिथेही कुणी नव्हतं.

17 वा नंबर

एक छोटा किस्सा सांगतो. 1907 मध्ये मेहता पालिकेत इतके भारी झाले होते की बड्या अधिकाऱ्यांना ते डोईजड वाटू लागले. मग काही वरिष्ठ सरकारी अधिकारी आणि त्यांचे दोस्त यांनी मिळून जे.पीं.च्या मतदारसंघात स्वतःच्या 16 उमेदवारांचं पॅनेल उभं केलं. जागा 16. मेहतांचा नंबर आला 17 वा. पडले!

पण निवडून आलेल्यांपैकी एका गृहस्थाचं पालिकेशी कंत्राट असल्याचं निघालं. कायद्यात स्पष्ट होतं की ज्याचा पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध आहे, त्याला पालिकेत बसता येणार नाही. तो माणूस अपात्र ठरला आणि मेहता आत आले. पैसे देणारा आणि पैसे घेणारा एकच नको, हा साधा नियम. तो नसता तर त्या निवडणुकीचा निकाल वेगळाच लागला असता.

त्यानंतर मताचं दार हळूहळू उघडत गेलं. 1922 च्या दुरुस्तीने महिन्याला 10 रुपये भाडं देणाऱ्या भाडेकरूलाही मत मिळालं. आणि 1948 मध्ये प्रौढ मताधिकारावर पालिकेची पहिली निवडणूक झाली. घर, कर, भाडं, कसलीच अट नाही. 1873 ते 1948, मोजून 75 वर्षं! त्यात कितीतरी माणसं अशी गेली की ज्यांनी या शहराचे रस्ते बांधले, पण रस्ता कुठून जावा यावर त्यांना कधी मत देता आलं नाही.

मग माझं काय?

1993 पासून आपल्या राज्यघटनेतच लिहिलंय की पालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक. तरीही पावणेचार वर्षं गेली. त्या काळात कामं झाली नाहीत असं मी म्हणत नाही. रस्त्यांचं काँक्रिटीकरण झालं, कोस्टल रोड सुरू झाला. कामं तर क्रॉफर्डनेही केली होती आणि झकास केली होती. प्रश्न तोच आहे, 1871 चा. एखाद्या कामाला नाही म्हणण्याचा, बिल मागण्याचा अधिकार कुणाकडे होता? आणि तो नीट वापरला नाही तर आपण त्याला घरी पाठवू शकत होतो का?

नगरसेवक सगळे धुतल्या तांदळाचे असतात असं कुणीच म्हणणार नाही. स्थायी समितीत काय काय चालायचं याच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्यात. पण वाईट नगरसेवक पाडता येतो. प्रशासकाला पाडायचं बटण मतदान यंत्रावर नसतं.

यंदा जानेवारीत मी 28 व्या वर्षी पहिल्यांदा पालिकेसाठी मत दिलं. सोबत आई होती. रांगेत तिने एकदाच विचारलं, "आता कसा आलास?" मी काहीच बोललो नाही.

तर मंडळी, आजचा गृहपाठ सोपा आहे. तुमच्या वॉर्डाचा नंबर आणि तुमच्या नगरसेवकाचं नाव शोधा. आठवून नाही, शोधूनच काढावं लागेल, मला माहितेय! मग घरासमोरच्या रस्त्याला किती पैसे मंजूर झाले, ते विचारा. पुढच्या वेळी सीएसएमटीला उतरलात की पालिकेच्या इमारतीसमोर फिरोजशहा मेहतांचा पुतळा आहे, तिथे एक मिनिट थांबा. सगळे इमारतीचा फोटो काढतात. पुतळ्याकडे बघत नाही कुणी.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या आणि खड्डे बघून चाला!