पीयूषिका ग्रंथीचे विकार आणि नाकावाटे शस्त्रक्रिया

अंगठी बोटात रुतू लागते, चपलेचे माप वाढते, जबडा पुढे येतो. प्रौढ वयात हे बदल इतके सावकाश घडतात, की घरच्यांनाही ते जाणवत नाहीत. जुने छायाचित्र शेजारी ठेवल्यावरच फरक दिसतो. फ्रेंच वैद्य प्येर मारी यांनी १८८६ मध्ये या विकाराला ‘ॲक्रोमेगली’ हे नाव दिले. त्याचे मूळ बहुधा पीयूषिका अर्थात पिट्युटरी ग्रंथीतील गाठीत असते.

वाटाण्याएवढी ही ग्रंथी मेंदूच्या तळाशी, हाडाच्या खोगिरासारख्या खळगीत असते. थायरॉइड, अधिवृक्क व जननग्रंथी तिच्याच हुकमतीत चालतात. तेथील गाठी बहुतांशी कर्करोगाच्या नसतात. पण जागा अडचणीची. ग्रंथीच्या वरच दोन्ही डोळ्यांच्या चेतातंतूंची फुली असते. तिच्यावर दाब आला, की कडेची दृष्टी जाऊ लागते. बाजूने येणारे वाहन दिसत नाही आणि रुग्ण बिचारा चष्मे बदलत राहतो.

प्रत्येक गाठ कापावी लागतेच असे नाही. प्रोलॅक्टिन स्रवणाऱ्या गाठीमुळे पाळी थांबते, बाळंतपणाविना दूध येते. ही गाठ बहुधा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी आकसते. ॲक्रोमेगली व कुशिंग विकारात मात्र शस्त्रक्रियेलाच प्राधान्य दिले जाते.

नाकाच्या मार्गाने पीयूषिकेची गाठ प्रथम काढली ती ऑस्ट्रियातील हर्मान श्लोफर यांनी, १९०७ मध्ये. अमेरिकेच्या हार्वे कुशिंग यांनी ही वाट रुळवली आणि पुढे स्वतःच सोडून ते कवटी उघडण्याकडे वळले. एडिंबराच्या नॉर्मन डॉट यांनी ती जपली नसती, तर कदाचित विस्मरणात गेली असती. त्यांच्याकडून ती पॅरिसच्या जेरार ग्यो यांच्याकडे गेली. ग्यो यांच्याकडे शिकलेले झ्यूल आर्दी यांनी १९६० च्या दशकात माँट्रियल येथे तिला सूक्ष्मदर्शकाची जोड दिली. आता दुर्बीण वापरतात. चेहऱ्यावर व्रण राहत नाही.

शस्त्रक्रियेनंतर नाकातून पाण्यासारखा द्रव टपकल्यास ती सर्दी समजू नये. तो मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो. अतिशय तहान व वारंवार लघवी हेही तातडीने कळवावे. स्टिरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या असतील, तर बरे वाटते म्हणून परस्पर बंद करणे जिवावर बेतू शकते. तापात तर त्यांची मात्रा वाढवावी लागते. ती किती, हे घरी जातानाच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.