डाळ, सरकी आणि पहिली दोन पानं

मृगाचा पाऊस पडून पेरण्या झाल्या की आठ-दहा दिवसांनी यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही कपाशीच्या शेतात जाऊन पाहा. कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ असते. दोन्ही रोपं एकाच वयाची, पण रूप वेगळं. कपाशीला दोन जाडसर, रुंद, बिनकातऱ्यांची पानं. पुढे येणाऱ्या तिच्या पानांशी त्यांचं काहीच साम्य नाही. तुरीला अशी पानं दिसतच नाहीत. रोप हळूच उपटलं तर ती सापडतात: दोन डाळी, सालासकट, मातीतच राहिलेल्या.

ही दोन्हींची बीजपत्रं. कपाशी ती वर आणते, तूर खाली ठेवते.

बीजपत्रं आपल्या स्वयंपाकघराला वनस्पतिशास्त्राच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहेत. तूर भरडून साल काढली, दोन अर्धुकं सुटी झाली, की झाली डाळ. म्हणजे वरणात आपण बीजपत्रंच खातो. कार्तिकात द्विदल वर्ज्य करण्याचं व्रत घेणाऱ्या आजीला कोणतं धान्य चालतं आणि कोणतं नाही, हे पुस्तकात बघावं लागत नसे.

ग्रीसमध्ये थिओफ्रास्टसनं इसवी सनापूर्वी सुमारे ३०० वर्षं लिहून ठेवलं, की गहू-जव एका पानानं उगवतात, तर हरभरा-वाटाण्यासारखी धान्यं अधिक पानांनी. निरीक्षण बरोबर होतं, पण ही पानं करतात काय, हा प्रश्न पुढे जवळजवळ दोन हजार वर्षं तसाच पडून राहिला.

मग एक मजेशीर योगायोग घडला. ७ डिसेंबर १६७१ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे नेहेमाया ग्रू या इंग्रज वैद्याचं छापील पुस्तक आलं आणि त्याच दिवशी इटलीतल्या मार्चेल्लो माल्पिगीचं हस्तलिखितही. दोघांनी एकमेकांना न विचारता वनस्पतींची अंतर्रचना पाहिली होती. ग्रूनं सुरुवातच शेंगवर्गातल्या एका भिजवलेल्या बियेपासून केली. माल्पिगी एक पाऊल पुढे गेला. त्यानं उगवत्या रोपांची बीजपत्रं खुडून टाकली. रोपांची वाढ खुंटली. नुसतं पाहण्याऐवजी काहीतरी काढून घेऊन काय होतं ते बघायचं, ही युक्ती आज साधी वाटते. त्या काळी वनस्पतींच्या बाबतीत ती नवी होती.

या कामाच्या आधारावर जॉन रे यानं १६८२ मध्ये वर्गीकरणात एकदल-द्विदल असा भेद आणला. ती विभागणी आपण अजून शिकवतो. मात्र १९९८ पासून डीएनएवर आधारित वर्गीकरणानं एक दुरुस्ती केली आहे: एकदल वनस्पती खरोखर एका वंशाच्या, पण द्विदल हा एकसंध गट नाही. कमळासारख्या काही जुन्या समजल्या जाणाऱ्या कुळांची जागा बदलली आणि चाफ्याचं कूळ कपाशी-तुरीच्या मुख्य द्विदल शाखेबाहेर गेलं.

रोप जमिनीबाहेर येतं कसं, हे चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० च्या पुस्तकात फार बारकाईनं मांडलं. कोंब सरळ वर घुसत नाही, मान वाकवून येतो. डार्विननं उपमा दिली ती गवताचा भारा अंगावर पडून ओणव्या झालेल्या माणसाची; तो आधी पाठ वर रेटतो. कपाशी नेमकं हेच करते. वाकलेली मान माती फोडते आणि मागून दोन घड्या घातलेली रुंद बीजपत्रं ओढून घेते.

इथंच आपल्या शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. काळ्या जमिनीवर जोराचा पाऊस पडला आणि लगेच कडक ऊन पडलं, की वर पोपडा धरतो. तुरीला त्यातून बारीक कोंब काढायचा असतो, कपाशीला मात्र दोन पानांचं ओझं. शिवाय तुरीचा शेंडा सशानं खाल्ला, तरी मातीतल्या डाळींच्या बगलेतून नवा कोंब फुटू शकतो. कपाशीची मान बीजपत्रांखाली मोडली, तर तिथं डोळाच नसतो, रोप गेलं. मग नांग्या भरा, नाहीतर दुबार पेरणी. पूर्वी जिनिंगमधली किंवा घरची सरकी पुन्हा पेरता येई. १९७० मध्ये एच-४ हा संकरित वाण आला, २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली आणि बियाणं दरवर्षी विकत घेणं आलं. २०२४ च्या हंगामात ४७५ ग्रॅमच्या पिशवीची कमाल किंमत ८६४ रुपये होती. दुबार म्हणजे ती पुन्हा.

कपाशीची बीजपत्रं वर येण्याचा फायदाही आहे. तेल आणि प्रथिनांचा साठा खर्चत असतानाच ती हिरवी होतात आणि खरी पानं येईपर्यंत अन्न तयार करतात.

त्यांवर बारीक काळे ठिपके दिसतील. सरकी आडवी कापली, तर आतही तेच. त्या ग्रंथी गॉसिपॉल या विषारी द्रव्याच्या. हे नाव मार्खलेव्स्की यानं १८९९ मध्ये दिलं. गाई-म्हशी सरकी पचवतात, कारण त्यांच्या पोटातले जिवाणू बरंचसं विष निकामी करतात. कोंबड्यांना आणि माणसाला ते जमत नाही. म्हणून सरकीचं तेल शुद्ध करूनच खातात. १९५९ मध्ये अमेरिकेत मॅकमायकेलनं ठिपकेच नसलेली कपाशी तयार केली, पण शेतात किडींनी तिच्यावर ताव मारला. २००६ मध्ये टेक्सासमध्ये कीर्ती राठोड आणि सहकाऱ्यांनी फक्त बियांतलं गॉसिपॉल घटवलं, पानांतलं राहू दिलं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं या कपाशीच्या लागवडीवरचे निर्बंध उठवले.

माल्पिगीचा प्रयोग वर्गात करायचा असेल, तर सरकी जिनिंगमधली घ्या. पिशवीतल्या बियाण्याला कीटकनाशक चोळलेलं असतं, मुलांच्या हाती ते देऊ नका. तीन कुंड्या पुरेत: पहिलीत दोन्ही बीजपत्रं ठेवा, दुसरीत एक खुडा, तिसरीत दोन्ही. पंधरा दिवसांनी उंची मोजा. तुरीवरही हाच प्रयोग करता येईल, पण त्यासाठी खुडण्याऐवजी माती उकरावी लागेल.